तोफाईचा शेंदूर

गेल्या महिन्यात एका तरुण मुलाचा फोन आला. बोलणं अदबीचं. म्हणाला, “मॅडम, कारखान्याच्या गेटवरच्या ऐतिहासिक तोफेचं आम्ही संवर्धन करतोय. जुनी माणसं सांगतात, पूर्वी एकदा ती तुमच्या वडिलांनी साफ केली होती. त्यांनी काय वापरलं होतं, ते सांगाल का?” मी फोन कानाला धरून नुसती उभी राहिले. गॅसवरचं दूध उतू गेलं. इतक्या वर्षांत त्या गावानं मला काहीही विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते हे. उद्या फोन कर, असं त्याला सांगितलं आणि कागद घेऊन बसले. रागाच्या भरात लिहू नये म्हणतात. जन्मभर मास्तरकी करताना मुलांना मीही तेच सांगत आले. पण काही गोष्टी राग निवल्यावर लिहिल्या तर खोट्या होतात.

आमचं गाव बीडहून पालीकडे जाताना मधेच आत वळणाऱ्या वाटेवर आहे. नाव लिहीत नाही, तिथं अजून आमची माणसं राहतात. बहात्तरच्या दुष्काळात मी बीडला बोर्डिंगात राहून मॅट्रिकच्या वर्गात शिकत होते. बोर्डिंगात आधी भाजी बंद झाली, मग एक वेळचं जेवण, आणि एके दिवशी बाईंनी आम्हाला ओळीत उभं करून सांगितलं, मुलींनो, आता आपापल्या घरी जा. घरी तरी काय होतं? घरी मिलो होता. मिलो म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापतानाच फाटायची, गार झाली की चामड्यासारखी वातड व्हायची आणि पोटात गेली की पोट रात्रभर कुरकुरायचं. माय तिच्याबरोबर लाल मिरची आणि मीठ वाटून द्यायची. तेल असलं तर त्यावर थेंबभर तेल. आम्ही तिघंही, म्हणजे माय, माझे वडील आबा आणि मी, दिवसभर माळावर सरकारी कामावर खडी फोडायला जायचो. शेकडो हातोड्यांचा तो खणखणाट इतका अंगात भिनला होता की संध्याकाळी काम सुटलं आणि सगळं गप्प झालं की मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. आबांनी तरुणपणी हैदराबादला रेल्वेच्या वर्कशॉपात सहा वर्षं काढली होती. लोखंड, पितळ, कासं, काहीही हातात द्या, वजनावरून नि आवाजावरून ते कस सांगायचे. निजामाचं राज्य गेलं तसे ते गावी परतले, आणि गावात त्या हुन्नराला कुत्रंही विचारत नव्हतं.

गावाला एकच आड. चौथ्या-पाचव्या दिवशी टँकर यायचा आणि त्या आडात रिकामा व्हायचा. सगळं गाव पाणी शेंदून घ्यायचं, मग आमच्या वस्तीच्या बायांनी जायचं, घागरी खाली ठेवून चार पावलं मागं सरायचं आणि वाट बघायची. वरच्या आळीतल्या कुणाला दया आलीच तर तिनं उंचावरून आमच्या घागरीत पाणी ओतायचं. धार घागरीच्या काठावर आपटायची आणि निम्मं पाणी मातीत जायचं. ज्या मातीला पाणी मिळत होतं, तिच्यात एक काडीही उगवत नव्हती. आम्ही बौद्ध होऊन बरीच वर्षं झाली होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, पोरगी संस्कृत घेऊन मॅट्रिकला बसणार होती, आणि पाणी मात्र वरूनच.

गावातल्या पडक्या गढीच्या बुरुजाशी एक तोफ निम्मी जमिनीत गाडलेली होती. तोंड वर, बूड मातीत. गाव तिला तोफ म्हणत नसे, तोफाई म्हणत असे. पिढ्यानपिढ्या तिच्यावर तेल आणि शेंदूर चढत गेला होता, इतका की आत धातू आहे हे कुणी सांगितल्याशिवाय कळलं नसतं. मूल होत नसलेल्या बाया तिची ओटी भरायच्या, अमावस्येला नारळ फुटायचे. आमच्या लोकांना तिला लांबून हात जोडायची मुभा होती, आणि ती लांबी ठरलेली होती, समोरच्या बाभळीपर्यंत. लग्न होऊन आली तेव्हा माय त्या बाभळीशी उभी राहून हात जोडत असे. दीक्षा घेतल्यावर तिनं तिकडं बघणंही सोडलं.

ज्या साली प्यायला पाणी नव्हतं, त्याच साली आमच्या शिवाराला लागून नवा सहकारी साखर कारखाना उभा राहत होता. सहकार म्हणजे सगळ्यांनी मिळून करायचं काम, असं आमच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात होतं. आमच्याकडे सगळ्यांनी मिळून चेअरमनच्या मनासारखं करायचं, एवढाच त्याचा अर्थ होता. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. त्यांच्या नावाच्या पाट्या गावोगाव पुष्कळ आहेत, माझी एक कमी असली तरी चालेल. माळावर गुरं मरत होती आणि त्यांच्या मळ्यात ऊस हिरवागार डुलत होता. कारखान्याचा पाया भरायचा होता, पण गेटची कमान आधी बांधून झाली, कारण तिच्या उद्घाटनाला एक मोठे पुढारी येणार होते. शेजारच्या कारखान्यानं आपल्या गेटवर सिमेंटचे हत्ती बसवले होते. चेअरमनना हत्तीहून भारी काहीतरी पाहिजे होतं. त्यांना तोफाई आठवली.

पण तोफ दिसायची तर शेंदूर खरवडायला हवा, आणि शेंदूर खरवडायचा म्हणजे देवीची कातडी सोलायची. गुरवानं कानांवर हात ठेवले. लोहारानं आजारपण काढलं. मजूर म्हणाले, खडी फोडू, पण आईच्या अंगाला हात लावणार न्हाई. तेव्हा एका सकाळी चेअरमनची जीप पहिल्यांदाच आमच्या वस्तीत आली. आबा दारात उभे राहिले. चेअरमन जीपमधून उतरले नाहीत.

“तुमी तर देव सोडलेत,” ते म्हणाले. “तुमाला तोफाईचं काय भ्या? आन तू हैदराबादेत असली कामं केलेला मानूस.”

“सोडलेत खरं,” माय घरातून म्हणाली. “पर आमी सोडायच्या आदी तरी कुटं हात लावू दिलता?”

चेअरमन हसले. “मजुरी काय घेतो, बोल.”

“मजुरी नगं,” आबा म्हणाले. “आडावर आमच्या बाया सोताच्या हातानं पानी शेंदतील. येवढंच.”

जीपमधले चौघे एकमेकांकडे बघायला लागले. चेअरमननी जरा वेळ मिशीवरून बोट फिरवलं. “दिला शब्द. तोफ गेटवर चढली की त्याच दिवशी आड खुला. गावाला मी सांगतो.”

“त्याच दिवशी?”

“अरे, त्याच दिवशी म्हन्लं ना बे!”

आबा त्यांच्याहून वयानं दहा-बारा वर्षांनी तरी मोठे होते. तो ‘बे’ मला अजून ऐकू येतो. आबांना मात्र त्या वेळी फक्त शब्द ऐकू आला होता. मी चिडून काहीतरी म्हणाले, तर म्हणाले, “चार मानसांत बोललाय. येवढा मोठा मानूस चार मानसांत खोटं कावून बोलंल?”

दुसऱ्या दिवसापासून आम्ही खडीवर जाणं सोडलं आणि गढीवर जाऊ लागलो. वस्तीतल्या गड्यांना घेऊन आबांनी भोवतालची माती उकरली, तीन जाड लाकडांचं तिकाटणं उभं केलं आणि साखळीनं इंच इंच करत तोफ वर काढून दगडांवर आडवी निजवली. मग शेंदूर. वाळलेला शेंदूर किती घट्ट असतो, ते ज्यानं खरवडला त्यालाच ठाऊक. कुणीतरी छिन्नी उचलली तर आबा ओरडले, “लोखंड लावू नको, धातू ओरखडंल!” त्यांनी माळावर मरून पडलेल्या बैलांची शिंगं आणली. त्या साली शिंगांना तोटा नव्हता. ती उभी चिरून, दगडावर घासून त्यांनी पातळ धारेच्या खरवडण्या केल्या. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांची मंद धग द्यायची, शेंदूर जरा नरम आला की निखारे दूर सारून वर रॉकेलचा बोळा फिरवायचा आणि शिंगानं खरवडायचं. मेलेलं ढोर ओढतो म्हणून ज्यांना पिढ्यानपिढ्या शिवून घेतलं नाही, ते आम्ही मेलेल्या ढोराच्या शिंगानं गावाची देवी उघडी करत होतो. आणि गाव? गाव त्या बाभळीशी उभं राहून बघत होतं. त्याच बाभळीशी. पुढं यायची छाती एकाचीही नव्हती. हे आठवलं की मला आजही हसू येतं, आणि त्या हसण्याच्या पोटात काय असतं ते मी सांगत नाही.

शेंदराच्या थरांत काय काय निघालं! बांगड्यांच्या काचा, तांदळाचे दाणे, नारळाच्या शेंड्या. एका थरात बाळाची काळ्या मण्यांची मनगटी निघाली. माय ती तळहातावर घेऊन बसली. म्हणाली, “मानसं मारायची चीज ही. आन हिच्यापाशी बायांनी लेकरं मागितली.” तिनं ते सगळं एका फडक्यात बांधलं आणि संध्याकाळी गुरवाच्या दारात लांबूनच ठेवून आली. गुरवाच्या बायकोनं ते उचलून पदराखाली घेतलं. तिलाही मूल नव्हतं.

शेंदूर निघाल्यावर खाली काळपट हिरवा धातू दिसला. त्याला चिंच पाहिजे, आणि चिंच कोळायला पाणी पाहिजे. ते पाणी चेअरमननी दिलं नाही. ते आमच्या घागरीतून गेलं. आमच्या वाटणीचं, वरून ओतलेलं, निम्मं सांडून उरलेलं पाणी. चिंचेचा कोळ चोळायचा, राख लावायची, विटकरीच्या वस्त्रगाळ पुडीनं घासायचं. बोटांच्या चिरांत चिंच जाऊन अशी झोंबायची की रात्री भाकरी मोडता येत नसे. दुपारी तोफेच्याच पाठीवर फडकं पसरून आम्ही मिलोची भाकरी खायचो. होता होता तिच्यातून तांबूस पिवळा रंग वर आला. तोंडाशी वाघाचा जबडा उमटला, पाठीवर माशांच्या आकाराच्या दोन कड्या आणि कडेनं पानांची वेल. “मेथीची पानं हायेत का गं ही?” माय म्हणाली. आबांनी शेवटी जवसाचं तेल लावून तिला पुसलं, बोटाच्या पेरानं टिचकी मारली आणि कान लावला. “कुटं चिर न्हाई,” म्हणाले. “लई नेक काम हाय. बनवनारा उस्ताद होता.” त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते त्यानंतर मी पाहिलं नाही. मी नोकरीला लागले तेव्हाही नाही.

उद्घाटनाच्या दिवशी आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, वर हैदराबादचा जुना काळा कोट. ट्रॅक्टरनं तोफ आदल्या दिवशीच कमानीखालच्या चौथऱ्यावर चढवली होती. पुढाऱ्यांच्या पायगुणानं त्या दिवशी गावात दोन टँकर आले. एक सकाळीच आडात रिकामा झाला. दुसरा आमच्या वस्तीसाठी म्हणून गेटजवळ उभा करून ठेवला होता, कार्यक्रम झाला की वाटप होईल असं तलाठ्यानं सांगितलं होतं. म्हणून वस्तीच्या बाया रिकाम्या घागरी घेऊनच कार्यक्रमाला आल्या होत्या. आम्हाला एका दोरीच्या मागं उभं केलं. आबांना वाटत होतं, बोलावतील. नारळ देतील, निदान नाव तरी घेतील. चेअरमन माइकवर पूर्वजांच्या शौर्याबद्दल बोलले, आणि तोफेचा हा कायापालट कारखान्याच्या तांत्रिक विभागानं केला असं सांगितलं. कारखान्याला तेव्हा धड कारखाना नव्हता, तांत्रिक विभाग कुठून आला कोण जाणे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग पूजा. गुरव ताट घेऊन पुढं झाला आणि थबकला. गावातले दोन-तीन म्हातारे उठून चेअरमनच्या कानाशी लागले. कुजबुज आमच्यापर्यंत आली. हात लागलेत, तशी पूजा कशी चालंल? आई कोपंल. पुढारी घड्याळ बघत होते. चेअरमननी आमच्याकडे पाहिलं, माझ्या आठवणीत ते नीट आमच्याकडे बघूनच झालं, आणि त्यांनी टँकरवाल्याला हात केला.

टँकर मागं आला. माणसानं जाड नळी तोफेवर धरली आणि चावी सोडली. धो धो पाणी वाघाच्या जबड्यावरून, माशांच्या कड्यांवरून, मेथीच्या पानांवरून वाहायला लागलं. ज्या पाण्यासाठी आमची वस्ती चार दिवस जीभ कोरडी करून बसली होती, ते सगळंच्या सगळं, एक टँकरभर, आमच्या हातांचा विटाळ धुवायला ओतलं. कुणालाही, त्या खादीतल्या पुढाऱ्यालाही, थांबा म्हणावंसं वाटलं नाही. पाण्याचा ओघळ उतारानं दोरीखालून आमच्या पायांपर्यंत आला. मी अठरा वर्षांची होते, तहानलेली होते. काही न सुचून मी घागर आडवी करून वाकले. आबांनी माझं मनगट पकडलं.

“ठिव खाली,” ते म्हणाले. “ते पानी न्हाई. आपले हात धुतलेत त्यांनी.”

पाणी थांबलं तेव्हा गुरवानं वाघाच्या कपाळावर नव्या शेंदराचा पंजा उमटवला. तेव्हा माय दोरी वर करून पुढं गेली. तिचा आवाज माइकशिवायही लांबपर्यंत जायचा.

“चेअरमन सायेब, दीड म्हैना आमी हिच्या पाठीवर भाकरी खाल्ली. तवा न्हाई कोपली ती? ऱ्हाऊ द्या. तोफ गेटवर चढली. आज आड खुला म्हन्लं होतं तुमी.”

“बाई, हा विषय आता न्हाई,” चेअरमन हसत म्हणाले. “गाव अजून तयार न्हाई. दमानं घ्या.”

 मायनं गर्दीवरून नजर फिरवली. बायाबापड्या, म्हातारेकोतारे, सगळे पुढाऱ्याला बघायला आले होते. ती वळून आमच्यापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, “सगळं गाव हितं हाय. आडावर कोन हाय?”

कोणी नव्हतं. आम्ही वीस-बावीस बाया पांदीच्या वाटेनं गेलो, पळालो नाही. आडाच्या काठावर गावाचा पोहरा तसाच पडलेला होता. मायनं तो आत सोडला. पोहरा पाण्याला लागला तो आवाज मला वर्णन करता येणार नाही, मी तो आधी नेहमी चार पावलं मागून ऐकला होता. मायनं भरलेला पोहरा माझ्या घागरीत ओतला, काठाला टेकवून, अगदी अलगद. एक थेंब सांडला नाही. मग दुसरी पुढं झाली, मग तिसरी. मी शेंदलं तेव्हा चिंचेनं चिरलेल्या बोटांना दोर झोंबला. मला तो हवासा वाटला.

घागरी भरत असतानाच गाव परतलं. पुढारी गेले होते, ऊन डोक्यावर होतं, भाषणं ऐकून नि जयजयकार करून सगळ्यांचे घसे वाळले होते. आम्हाला आडावर पाहून गलका झाला. आड बाटवला! उपसून टाका! शिव्या, दगड उचललेले हात. आबा नि वस्तीचे गडी आमच्या पुढं येऊन उभे राहिले. चेअरमनची जीप आली. माय पोहरा हातात धरून म्हणाली, “तुमी शब्द दिलता. आमी तो घ्यायला आलोत.”

“आड उपसा,” कुणीतरी परत ओरडलं.

“उपसा की,” आबा म्हणाले. “पर मंग भरनार कशानं? भरायचा टँकर तर तुमी तोफेवर वतला.”

 खरंच दुसरं पाणी नव्हतं. आड उपसला तर चार-पाच दिवस थेंब नाही, आणि शुद्ध करायला पाणी शिंपडायचं तर तेही ह्याच आडातलं. धर्म कडेवर घेऊन माणसं उन्हात उभी राहिली, किती वेळ कोण जाणे. जीप वळून निघून गेली. शेवटी गर्दीतून गुरवाची बायको पुढं आली. तिनं कुणाकडंही पाहिलं नाही. मायच्या हातातला पोहरा तिनं घेतला, धुतला नाही, आडात सोडला, वर काढला आणि तिथंच ओंजळीनं पाणी प्याली. मग तिच्यामागं बाकीच्या.

ह्याला मी कधी विजय म्हटलं नाही. कुणाचं मन बदललं नव्हतं, तहान लागली होती. आबांना चेअरमनच्या शब्दानं नाही, दुष्काळानं न्याय दिला, ह्याचा मला आजही संताप येतो. त्यानंतर ते कधी त्या गेटवरून गेले नाहीत. शेताला जायचं तर कोसभर वळसा घालायचे.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाचा फोन आला. कारखाना बंद पडून किती वर्षं झाली, तोफेवर परत बोटभर शेंदूर चढलाय, त्यावर कुणीतरी चंदेरी रंग मारलाय, असं तो सांगत होता. मी म्हटलं, “लिहून घे. बैलाचं शिंग, रॉकेल, चिंच, राख, विटकरीची पूड, जवसाचं तेल. लोखंड लावू नका. मी स्वतः येते आणि माझ्या हातानं करून दाखवते. फक्त एक अट. माझा हात लागल्यानंतर कुणी ती धुवायची नाही.”

तो जरा गोंधळला. हसून म्हणाला, “पण मॅडम, तुमचा हात लागल्यावर धुवायची कशाला?”

त्याला खरंच माहीत नव्हतं. गावात कुणीच त्याला सांगितलं नव्हतं.